टेप गुंडाळूनही गळणारा पंप

(दृश्य: बडोदा, वासणा रस्ता. एका सोसायटीच्या तरणतलावाची पंपरूम. पंपाखाली ओल.)

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. तलावातलं पाणी रोज थोडं थोडं उडत जातं आणि पातळी स्किमरच्या (तलावाच्या काठाशी पंपाकडे पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) तोंडाखाली उतरली, की पंप हवा ओढायला लागतो. पंपात अडकलेलं पाणी जागच्या जागी घुसळून तापतं. यूपीव्हीसी, म्हणजे पाइपचं कडक प्लास्टिक, ६० अंशांच्या पुढे मऊ पडतं. एमटीए म्हणजे पाइप पंपाला जोडणारा, बाहेरून आटे असलेला याच प्लास्टिकचा जोड. पंपात आवळून बसवलेल्या एमटीएचे आटे अशा वेळी आकसतात, आणि पंप गार झाला तरी पूर्वीच्या मापाला येत नाहीत.

आकसलेल्या आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, चार दिवसांत थेंब पुन्हा सुरू होतात. एमटीए बदलावाच लागतो.

(दृश्य: पंपाच्या सक्शन जॉइंटजवळ उदबत्ती.)

पण आधी गळती नेमकी कुठे आहे ते पाहा. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर ढकलणाऱ्या बाजूचा, जॉइंट पंप चालू असताना ठिबकतो. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूचा, जॉइंट चालू पंपावर कोरडाठाक दिसतो, कारण तो पाणी सोडत नाही, हवा आत घेतो. तलावात परतणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतात, पंपाच्या कचरा अडवणाऱ्या जाळीच्या झाकणाखाली हवा साठते. उदबत्ती जॉइंटभोवती सावकाश फिरवा. धूर जिथे आत खेचला जाईल, तिथे फट आहे. झाकणाची ओरिंगही (रबरी कडीही) अशीच तपासा. आणि पाणी मोटर व पंप यांच्या मधून टपकत असेल, तर दोष मेकॅनिकल सीलचा (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या सीलचा) आहे, पाइपला हात लावू नका.

(दृश्य: दुरुस्ती.)

एमसीबी बंद. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. फिल्टरवरचा दाब सोडा, पंपाचा ड्रेन प्लग उघडा. पाइप काटकोनात कापा, आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या टोकाला नवा जोड बसेल एवढी सरळ नळी राखा: दोन इंची सॉकेटमध्ये पाइप साधारण दीड इंच आत जातो.

इथे मापाची गफलत फार होते. शेतीच्या लाइनीचा ६३ मिलिमीटरचा पाइप आणि शेड्यूल (पाइपच्या भिंतीच्या जाडीचा दर्जा) ४० किंवा ८० चा दोन इंची पाइप एक नव्हेत. दुसऱ्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. सोल्युशन (पाइप चिकटवण्याचा द्रव) ही तफावत भरून काढत नाही. आट्यांचंही तसंच. आपल्याकडच्या ब्रिटिश मापाच्या बीएसपी फिटिंगला दोन इंचात इंचाला ११ आटे, अमेरिकी एनपीटी पंपाला साडेअकरा. दोन-तीन वेढे छान बसतात, मग अडकतं, आणि जोर लावला की पंपाचं प्लास्टिक तडकतं. पंपाची पुस्तिका पाहूनच फिटिंग आणा.

नवा एमटीए जाड भिंतीचा, शेड्यूल ८० चा घ्या. पंपाच्या आट्यांतली जुनी टेप ब्रशने पूर्ण काढा. नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, ताणून, चार-पाच वेढे. सूत आणि सफेदा लोखंडी नळासाठी ठीक. इथे सूत भिजून फुगतं आणि प्लास्टिकवर ताण आणतं. हाताने घट्ट करा, मग पान्ह्याने एक ते दीड वेढा. बस.

एमटीए आणि पाइप यांच्यामध्ये यूनियन (फिरवून उघडता येणारा जोड) जरूर टाका, पुढच्या वेळी करवत लागणार नाही. तिच्या ओरिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने काही रबरं फुगतात.

सोल्युशन सकाळी गारव्यात लावा, दुपारच्या उन्हात ते जोडण्याआधीच सुकतं. पाइप आणि सॉकेट दोन्ही कोरडे, घासलेले हवेत. दोन्हींना लावा, पाव वेढा फिरवत तळापर्यंत ढकला, अर्धा मिनिट धरून ठेवा. दाब देण्याआधी २४ तास जाऊ द्या. सोसायटीतली मुलं एक दिवस थांबतील, जॉइंट थांबणार नाही.

(दृश्य: पाइपखाली आधार.)

पाइपचं वजन पंपावर लटकू देऊ नका, खाली क्लॅम्प द्या. मग जाळीच्या भांड्यात पाणी भरा, झाकण लावा, व्हॉल्व्ह उघडा, फिल्टरची हवा सोडत पंप सुरू करा. दहा मिनिटं जॉइंटखाली कोरडा कागद ठेवून पाहा. आणि पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आणा. उन्हाळाभर रोज सकाळी ती तपासण्याचं काम एका माणसाकडे नेमून द्या.