फिलाडेल्फियातली ती खरी कुस्ती

तारीख १ जून १९१०. अमेरिकेतलं शिकागो. जगज्जेता फ्रँक गॉच आणि पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को मॅटवर समोरासमोर आले. झिबिस्कोनं सलामीसाठी हात पुढे केला. हात मिळवायचा, मागं सरायचं आणि मग खडाखडी सुरू करायची, असंच तो धरून चालला होता. गॉच हात मिळवायला थांबलाच नाही, सरळ अंगावर गेला. जेमतेम साडेसहा सेकंदांत झिबिस्कोची पाठ लागली आणि पहिली फेरी गेली. तो सावरला, दुसऱ्या फेरीत जवळजवळ अर्धा तास झुंजला, पण तीही गॉचनंच जिंकली.

तिकीट लावून होणाऱ्या कुस्तीचा तो पहिला बहर होता. पकड कुठंही घ्या, खांदे टेकवा नाहीतर समोरच्याला हार मानायला लावा. गॉच पायाचा पंजा असा पिळायचा की भलेभले शरण यायचे.

त्याच वर्षी सप्टेंबरात झिबिस्को लंडनमध्ये गामा पैलवानासमोर उभा राहिला. गामाची उंची जेमतेम पाच फूट सात इंच. पण त्यानं आव्हान दिलं होतं, कुठल्याही वजनाचे तीन मल्ल आणा, अर्ध्या तासात तिघांनाही पाडतो! १० सप्टेंबरला कुस्ती लागली. गामानं झिबिस्कोला लगेच खाली घेतलं आणि मग झिबिस्को मॅटला जो चिकटला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ तो पोटावर पडून राहिला. गामा उलटवायला बघतोय, तो उलटत नाहीय. लोक कंटाळले. शेवटी कुस्ती सोडवली. आठवड्यानं पुन्हा भिडायचं ठरलं, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही आणि मानाचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. गामाबरोबर लंडनला गेलेला त्याचा भाऊ इमामबक्ष दोनच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात उतरला, म्हणून ही गोष्ट आपल्याला इतकी परकी वाटत नाही.

पण ते अडीच तास लक्षात ठेवा. खऱ्या कुस्तीची अडचण तिथंच होती. १९१६ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस जवळपास पाच तास भिडले आणि निकाल काय, तर बरोबरी. असं बघायला पुन्हा पुन्हा तिकीट कोण काढणार?

उत्तर शोधलं तिघांनी. मल्ल लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि डावपेचांची आखणी करणारा टूट्स माँट. कुस्तीला वेळेची मर्यादा आली, उचलून आपटणं आलं, गावोगाव फिरणारा मल्लांचा ताफा आला. निकाल सर्रास आधीच ठरू लागले. आज टीव्हीवर दिसणारी झगमगाटी कुस्ती याच वाटेनं आली. त्या मल्लांना मी खोटं म्हणणार नाही. आपटणं, पडणं आणि उद्या पुन्हा पडायला उभं राहणं, याला शरीर खरंच लागतं.

८ जानेवारी १९२५. लुईसनं आपलं जगज्जेतेपद वेन मन या धिप्पाड अमेरिकन फुटबॉल खेळाडूला ठरवून दिलं. मन दिसायला जबरदस्त होता, गर्दी खेचायचा. कुस्ती मात्र त्याला बेताचीच यायची. पण सगळेच आपले असल्यावर धोका कसला?

धोका होता तो पंचेचाळिशी ओलांडलेल्या झिबिस्कोचा. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्यानं मनकडून हरायचं असं ठरलं होतं. पण स्टेकरच्या प्रतिस्पर्धी गटाशी त्याचं आधीच आतून जमलं होतं. घंटा वाजली आणि झिबिस्को खरी कुस्ती लढायला लागला. मनला कळेचना काय चाललंय! अंगात ताकद भरपूर, पण सुटायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. झिबिस्को त्याला पुन्हा पुन्हा चीत करत गेला. हजारो डोळ्यांसमोर खांदे टेकलेले. पंचांना निकाल द्यावाच लागला.

मला त्या क्षणी मनची दया येते. पण झिबिस्कोचे हातही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नाटकात इतकी वर्षं काढूनही ते हात पकड विसरले नव्हते. दीड महिन्यानं त्यानं तो किताब स्टेकरला दिला, आणि ते मात्र ठरलेलंच होतं.

एक हिशेब अजून बाकी होता. जानेवारी १९२८. पतियाळाच्या महाराजांनी आखाडा सजवला. गामा आणि झिबिस्को, दोघेही पन्नाशीच्या आसपास. सतरा वर्षांनी पुन्हा सलामी झाली. यावेळी झिबिस्कोला पोटावर पडून राहायला सवडच मिळाली नाही. मिनिटभराच्या आत गामानं त्याला अस्मान दाखवलं.