हुकलेलं साल

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘मुलींचा ज्युनियर हॉकी विश्वचषक दर दोन वर्षांनी: फायदा कोणाचा?’ त्यावर बोलणारच आहे. पण आधी दोन तारखा सांगतो, त्या तेवढ्या लक्षात ठेवा. १ जानेवारी १९९५ आणि १ जानेवारी २०००.

तुम्ही सगळे हॉकी बघणारे आहात, त्यामुळे २०१३च्या ज्युनियर विश्वचषकाची आठवण वेगळी करून द्यायला नको. तरी मी ती सांगणार, कारण मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जर्मनीतलं मोंशेनग्लाडबाख, ४ ऑगस्ट. कांस्यपदकाची लढत, समोर इंग्लंड. तेराव्या मिनिटाला राणी रामपालनं गोल केला. राणी तेव्हा १८ वर्षांची, त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. दुसऱ्या सत्रात इंग्लंडनं बरोबरी साधली आणि सामना शूटआउटमध्ये गेला.

आता शूटआउट म्हणजे काय ते पेनल्टी स्ट्रोकवर वाढलेल्या माझ्या पिढीला नव्यानं शिकावं लागलं. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, तिला फक्त ८ सेकंद मिळतात, आणि गोलरक्षकाला पुढे धावून यायची मुभा असते. इथे कोण गोलरक्षक होतं कधी? हात वर करा बरं. तीन! तुम्हा तिघांना माहीत आहे, ती ८ सेकंद घड्याळावर मोजायची नसतातच. कधी अंग टाकायचं आणि कधी उभं राहायचं, एवढा एकच निर्णय असतो. लवकर पडलात तर ती बाजूनं वळसा घालून जाते, उशीर केलात तर चेंडू पॅडखालून आत. आपल्याकडे तेव्हा बिगन सोय गोलमध्ये होती. पाच-पाच प्रयत्नांत निकाल लागेना, सडन डेथ सुरू झाली, म्हणजे एकेका प्रयत्नात जो संघ मागे पडेल तो हरला, आणि १७ वर्षांच्या नवनीत कौरनं गोल मारला. ३-२. मुलींच्या ज्युनियर विश्वचषकातलं भारताचं पहिलं पदक. मी घरात उभा राहून ओरडलो होतो.

मग पुढचा विश्वचषक कधी? डिसेंबर उजाडताना २०१६ मध्ये, चिलीतल्या सांतियागोला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनानं नेदरलँड्सला ४-२ असं हरवलं. आणि भारत? भारत तिथे नव्हताच. पात्रताच मिळाली नव्हती. त्याच महिन्यात लखनौमध्ये मुलांचा ज्युनियर विश्वचषक भरला आणि तो आपण जिंकला. जल्लोष झाला, व्हायलाच हवा होता, मीही त्यात होतो. पण त्या जल्लोषात सांतियागोच्या रिकाम्या जागेबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. माझी तक्रार तिथून सुरू होते.

हरलेल्या स्पर्धेची आपल्याकडे चिरफाड होते: प्रशिक्षक बदला, बचावफळी बदला. हुकलेल्या स्पर्धेची मात्र चर्चाच होत नाही, कारण दाखवायला काही चित्रच नसतं. आता त्या दोन तारखांकडे या. २०१६ला खेळायचं तर जन्म १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा हवा. त्यापुढची स्पर्धा २०२१ची, तिथे मर्यादा आली १ जानेवारी २०००. म्हणजे १९९५ ते १९९९ या पाच सालांत जन्मलेल्या मुलींना ऐन उमेदीत एकच दार होतं, सांतियागोचं. २०१३ला नवनीतसारख्या मोजक्याच जणी कोवळ्या वयात आत गेलेल्या. बाकीच्यांचं दार उघडलंच नाही.

त्यातली एक माझ्याकडे सराव करायची. गोलरक्षक होती, जन्मसाल १९९६. पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची, पॅड बांधायची आणि भिंतीवर चेंडू मारून परतलेला पायानं वळवायची, शंभर डावीकडे, शंभर उजवीकडे. निवड झाली असती की नाही, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पात्रता हुकल्याचं कळल्यावर तिनं मला विचारलं, ‘सर, पुढची कधी?’ मी साल सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं आणि काहीच बोलली नाही. मला त्या बोटांचा अजून राग येतो. तिचा नाही, ज्यांनी तिला ते मोजायला लावलं त्यांचा.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेलच, आणि बरोबर म्हणेल, की गुरजित कौरचं काय? जन्म ऑक्टोबर १९९५. २०१३च्या त्या संघात ती नव्हती, २०१६ हुकलं. तरी टोकियोत २ ऑगस्ट २०२१ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलरेषेवरून आत दिलेल्या चेंडूवर, तिच्याच फ्लिकनं १-० झालं आणि भारत पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोचला. कबूल. गुरजित पोचली, तिला सलाम. पण ती त्या दाराशिवाय पोचली, म्हणून दार नकोच होतं असं कसं म्हणता येईल? परदेशी संघाची पेनल्टी कॉर्नरची मांडणी, चारी बाजूंनी येणारा दाब, एक दिवसाआड सामने, हे सरावात उभं करता येत नाही. ते अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अंगावर घ्यावं लागतं.

जाता जाता, मुलांचा ज्युनियर विश्वचषक १९७९ला व्हर्सायमध्ये सुरू झाला. मुलींचा १९८९ला, ओटावात. तीही हुकलेली दहा सालंच की. त्या दहा वर्षांतल्या मुली आज आज्या झाल्या असतील.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. म्हणजे पॉचेफस्ट्रूम थोडक्यात. करोनामुळे लांबून ती २०२१ची स्पर्धा एप्रिल २०२२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या या पॉचेफस्ट्रूमला झाली. सलीमा टेटे कर्णधार. मुमताज खानचे ८ गोल. कांस्यपदकासाठी पुन्हा इंग्लंड, २-२ अशी बरोबरी, पुन्हा शूटआउट, आणि या वेळी आपण हरलो. चौथे. मला त्या चौथ्या क्रमांकाचा पदकाइतकाच अभिमान आहे, कारण आपण तिथे होतो.

आता मूळ विषय. आता ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते: २०२३, २०२५, दोन्ही सांतियागोलाच, आणि २०२५ला १६ऐवजी २४ संघ. माझं म्हणणं एवढंच, की यामुळे १७ ते २१ या वयात प्रत्येक मुलीसमोर निदान दोन दारं येतात. एक हुकलं तरी आयुष्य हुकत नाही. २०२३ला आपण नववे आलो तेव्हा ‘वरचेवर खेळून दर्जा घसरला’ अशी ओरड झाली. मला ती मान्य नाही. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्ये कोरियाला २-१ हरवून आपण पहिल्यांदा ज्युनियर आशिया चषक जिंकला, आणि डिसेंबर २०२४ला मस्कतमध्ये चीनला शूटआउटमध्ये नमवून तो राखला. पात्रतेची धास्ती तरी आता तेवढी नाही.

धोका दुसरीकडे आहे. दोन वर्षांनी स्पर्धा आली आणि निवड समितीनं त्याच १८ मुली पुन्हा पाठवल्या, तर दोन दारांतून एकच रांग गेली. अनुभवी मुली हव्यात, पण प्रत्येक खेपेला निम्म्या तरी नव्या हव्यात, मग क्रमांक दोन पायऱ्या खाली आला तरी चालेल. दुसरं, वयाची मर्यादा ओलांडलेल्या मुलींची यादी ठेवा, जन्मसालानुसार. जानेवारी २०२५ला रांचीत महिलांची हॉकी इंडिया लीग चार संघांनिशी सुरू झाली, त्या यादीतल्या मुलींना तिथे चाचणीला बोलवा. वय संपलं म्हणजे खेळ संपला, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण बोलावलंही नाही.

तिसरा मुद्दा गोलरक्षकांचा होता. संघात त्या दोनच असतात, त्यामुळे हुकलेल्या सालाची सगळ्यात मोठी झळ त्यांना बसते, आणि त्यांच्यासाठी वेगळं शिबिर हवं, हे माझं म्हणणं आहे. आकडे कागदावर लिहून आणलेत, पण वेळ संपली. ते तीन हात वर आले होते ना, त्यांनी कार्यक्रमानंतर मला इथेच भेटावं.