देठासकट

(जानेवारीतली पहाट. गाडीच्या काचेवर दव. नाशिक–सापुतारा रस्ता.)

दिंडोरीपर्यंत दोन्ही अंगांना द्राक्षबागा. वणी मागे पडते, सप्तशृंगीचा डोंगर धुक्यातून वर येतो आणि रस्ता चढू लागतो. बोरगावच्या पुढे, हातगडकडे जाताना, रस्त्याच्या कडेला लाल डब्यांच्या रांगा दिसायला लागतात. नाशिकपासून जेमतेम दोन तासांवर, आपल्याच जिल्ह्यात, स्ट्रॉबेरीचा हंगाम ऐन भरात असतो.

हा सुरगाणा तालुका. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस. भात, नागली, वरई. पण पाणी उतारावरून निघून जातं, आणि खरीप उरकला की कित्येक घरांतली माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला जातात. आता त्याच उतारांवर गादीवाफे दिसतात. वर मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारं प्लॅस्टिक, खाली ठिबकची नळी. पाऊस ओसरला की लागवड होते, रोपं वाई-महाबळेश्वरकडून येतात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या घरात हिवाळाभर काम असतं. पाणी नसेल त्याला मात्र अजूनही गाठोडं बांधावंच लागतं.

(शेत. तोडा सुरू आहे. कॅमेरा हातांवर.)

हे हात नीट बघा. ते फळाला धरत नाहीत. देठ दोन बोटांत घेतात, नखाने खुडतात आणि फळ देठासकट टोपलीत ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात. जिथे बोट दाबलं जाईल तिथे संध्याकाळपर्यंत डाग पडतो. दव आहे, गारवा आहे, तेवढ्यात तोडा उरकायचा. उन्हं चढली की फळ मऊ पडतं.

(एक फळ, अगदी जवळून.)

फळावरचे हे पिवळसर कण म्हणजे बिया, असं आपण म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो प्रत्येक कण म्हणजे एकेक वेगळं फळ, आणि बी त्याच्या आत. आपण जो गर आवडीने खातो तो फुलाचा फुगलेला तळ. शेजारच्या पांढऱ्या फुलात मधला पिवळा गोळा दिसतोय ना? तोच वाढत, लाल होत इथवर येतो.

आणि एकदा तोडलं की त्याची गोडी वाढायची थांबते. आंबा अढीत पिकतो, केळी घरात पिकतात. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. लांबच्या बाजाराला पाठवायची तर ती थोडी पांढुरकी असतानाच तोडावी लागते. वाटेत रंग चढतो, गोडी चढत नाही. शहरातल्या डब्यातलं फळ दिसायला देखणं आणि खायला आंबटढाण का लागतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

म्हणून आम्ही इथे आलो.

"दादा, ते मोठं नको, हे घ्या," ताई म्हणाल्या. त्यांनी दिलेलं फळ लहान होतं, बेढब होतं, पण देठाच्या टोपीखालीही लालच. दातांत धरलं तेव्हा आधी गार लागलं, मग गोड, आणि आंबटपणा अगदी शेवटी, जिभेच्या कडेला. वास तर तोंडाच्या आधी नाकाने खाल्ला होता. याला साखर लागत नाही, क्रीमही लागत नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तो मान तिचाच आहे. पण नाशिककरांनी मंडईत डबा उचलताना "सुरगाण्याची आहे का?" एवढं विचारावं, अशी मनापासून इच्छा आहे. आपलं ताजं फळ तिथे आहे.

(घर. ओट्यावर डबा.)

घरी आणल्यावर धुवायची घाई करू नका. खायच्या वेळी धुवा, तीही देठासकट. देठ आधी काढला तर पाणी आत शिरतं आणि चव पाणचट होते.

आमच्या डब्यात खालच्या थरातली तीन फळं वाटेत दबली होती. ती आधी खाल्ली. उरलेली रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकली नाहीत.