हा रंग कुणाचा?

(दृश्य: पांढऱ्या कागदासमोर काचेची नळी)

नळीतलं हे पिवळं द्रावण पिक्रिक आम्लाचं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलेलं. वरून सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, पडलं. आता नळीवरून नजर हलवू नका. हळदीत चुना कालवल्यावर रंग फिरतो ना, तसं हे पिवळं हळूहळू नारिंगी होत जातं. रंग जितका गडद, तितकं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ, जास्त. किडनीच्या रिपोर्टवर डॉक्टर आधी जो आकडा शोधतात, तो या रंगावरून काढलेला असतो.

(दृश्य: फडताळातली रिएजंटची बाटली, लेबल जवळून)

ही युक्ती १८८६ सालची. क्योनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्रादमध्ये, मॅक्स याफे यांना लघवीत पिक्रिक आम्ल घातल्यावर हा रंग दिसला. त्यांच्याच नावावरून आपल्याकडे लॅबमध्ये सगळे हिला ‘जॅफे मेथड’ म्हणतात. १९०४ मध्ये ऑटो फोलिन यांनी या रंगावरून क्रिएटिनिन मोजायची पद्धत बसवली. आणि हे पिक्रिक आम्ल साधंसुधं नाही बरं का. पहिल्या महायुद्धात ते तोफगोळ्यांत भरत. अजूनही ते कोरडं पडू द्यायचं नाही, हा लॅबमधला पहिला धडा.

एवढं जुनं रसायन, पण स्वस्त. म्हणून टिकलं. खोड एकच: ते फक्त क्रिएटिनिनला ओळखत नाही. रक्तातली जास्त साखर, मधुमेह बिघडल्यावर वाढणारी कीटोन द्रव्यं, प्रथिनं, यांच्याशीही ते रंग धरतं.

(दृश्य: अॅनालायझर, फिरणारी क्युव्हेट)

मशीनने यावर तोड काढली. काही कीटोन लवकर रंगतात, प्रथिनं उशिरा, क्रिएटिनिन मधल्या वेळात. मशीन तेवढीच मधली काही सेकंदं वाचतं. हुशारीच म्हणायची. पण काही अँटिबायोटिक्स त्यालाही चकवतात.

(दृश्य: इंजेक्शनच्या खोक्यातला घडीचा कागद, बारीक अक्षरांवर फिरणारं बोट)

सेफॉक्सिटिन. शिरेतून देतात. क्रिएटिनिनसारखाच तेही रंग उठवतं, मशीनला वाटतं क्रिएटिनिनच वाढलं. हे काही गुपित नाही, औषधाच्या माहितीपत्रकातच छापलंय: डोस दिल्यावर दोन तासांच्या आत घेतलेल्या रक्तावर ही तपासणी करू नये. नावात ‘सेफ’ असलेलं प्रत्येक औषध असं वागतं, असं मात्र नाही.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी)

ट्रायमेथोप्रिम या दुसऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट वेगळी. ते किडनीच्या आत घडतं, कॅमेरा तिथे पोचत नाही, म्हणून थोडक्यात: नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट ते अडवतं. आकडा खरोखर वाढतो, किडनीची रक्त गाळायची क्षमता मात्र तशीच असते. उलट जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स किडनीला खरंच इजा करू शकतात. तिथे वाढलेला आकडा ‘औषधामुळे असेल’ म्हणून झटकून चालत नाही.

एन्झाइम वापरणारी पद्धत आहे. तिला सेफॉक्सिटिनचा त्रास होत नाही, ट्रायमेथोप्रिमपुढे तीही काही करू शकत नाही. खर्च जास्त, त्यामुळे छोट्या लॅबमध्ये पिवळी बाटलीच चालते.

(दृश्य: तपासणीचा फॉर्म, वरून)

आता हा फॉर्म नीट बघा. नाव. वय. लिंग. कुणी पाठवलं. खाली चौकोनच चौकोन, कुठली तपासणी त्यावर टिक करायची. चालू औषधं कोणती, शेवटचा डोस किती वाजता, याला एक ओळही नाही. कागदाचा एवढा मोठा कोपरा मोकळा पडलाय आणि तिथे लॅबची जाहिरात छापलीय! फुगलेल्या आकड्यावर कुणाचा डोस कमी होतो, कुणाचा शिरेत औषध सोडून करायचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन किडनीच्या काळजीपोटी पुढे ढकलला जातो.

(दृश्य: बाकावर बसलेले पेशंट, सोबत घरची माणसं. आवाज नाही. आठ सेकंद.)

(दृश्य: सॅम्पल घेणाऱ्या ताई)

या ताई फॉर्मची वाट बघत नाहीत. दंडाला पट्टा बांधता बांधता विचारतात, “काका, इंजेक्शन किती वाजता दिलं?”

“दहा... का साडेदहा? आमच्या हिला विचारा.”

ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. पट्टा सोडतात. “काका, साडेबारानंतर घेऊ.”

फॉर्मच्या समासात बॉलपेनने इंजेक्शनचं नाव आणि वेळ लिहिली जाते. काका बाकावर परत.