गळा कुणाचा?

(दृश्य: नागपूर, सिव्हिल लाईन्स. डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती सभागृहाची पाटी. आत रिकाम्या खुर्च्या, रंगमंचावर तंबोरा जुळतो आहे.)

या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, त्यांच्यावर २०२२ साली 'मी वसंतराव' हा चित्रपट आला. जन्म मूर्तिजापूरचा, वाढले नागपुरात. शंकरराव सप्र्यांकडे तालीम झाली आणि पुढे पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. गाणाऱ्यावर चित्रपट काढायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, काम कोण करणार? खरं तर आधी विचारायला हवं, गळा कुणाचा? 'मी वसंतराव'मध्ये हा पेच पडलाच नाही. नातू राहुल देशपांडे यांनीच भूमिका केली, गायलेही तेच, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

असा नातू प्रत्येक चित्रपटाला कुठून मिळणार?

(दृश्य: ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकते. खरखर.)

बाकीच्यांपुढे तीन वाटा असतात. मूळ कलाकाराचं जुनं ध्वनिमुद्रण वापरायचं, दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायचं, किंवा नटालाच गायला लावायचं. 'बालगंधर्व' (२०११) दुसऱ्या वाटेनं गेला. सुबोध भावे पडद्यावर आणि गळा आनंद भाटे यांचा. जुन्या तबकड्या थेट का नाही वापरल्या, असं वाटेल. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत रंगणारं पद त्यात आखडून बसलेलं असतं. त्यात खरखर. आणि पट्टीचा घोळ वेगळाच. ७८ ऐवजी ७३.६ फेऱ्यांनी तबकडी फिरली की सूर पूर्ण एक पट्टी (अर्धा स्वर) खाली येतो. त्या काळी प्रत्येक तबकडी नेमक्या ७८नंच कोरलेली असायची असंही नाही. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणावर ओठ जुळवण्याआधी मागची ऑर्गन किंवा पेटी कोणत्या पट्टीत आहे ते आजच्या पेटीवर ताडून घ्यायचं. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागली, तर वेग चुकलाय हे नक्की.

पहिली वाट सगळ्यात चिकाटीनं चालली ती क्लिंट ईस्टवूड यांच्या 'बर्ड'मध्ये (१९८८). सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या जुन्या मुद्रणांतून फक्त त्यांचं वादन वेगळं काढलं, मागची साथ पुसली आणि नव्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतली. व्यसनांपायी चौतिसाव्या वर्षी गेलेला माणूस तीस-पस्तीस वर्षांनी ताज्या साथीबरोबर वाजला. ध्वनीचं ऑस्कर त्यालाच मिळालं. आज संगणकावर गाण्यातून गळा वेगळा काढणारी सॉफ्टवेअरं कुणाकडेही असतात. पण सारंगी किंवा पेटी गळ्याला चिकटून चालली असेल, तर ती गळ्याचा लचका तोडूनच निघते. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. लताबाईंच्या काळातलं मोनो मुद्रण साफ करताना हे हमखास होतं.

आणि मिसळ. 'बोहेमियन रॅप्सडी'मध्ये (२०१८) 'क्वीन' या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचं मूळ गाणं आहे, मार्क मार्टेल या गायकाचा हुबेहूब आवाज आहे आणि मधले श्वास, पुटपुटणं असं काही मर्क्युरींची भूमिका करणारे नट रामी मालेक यांचं आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा तो हाच मर्क्युरी. जोड कळत नाही, कारण जोड श्वासावर दिलेला आहे. स्वर चालू असताना आवाज बदलला की कान पकडतो. श्वास घेतल्यावर बदलला तर सोडून देतो.

(दृश्य: आरशासमोर नट. कानात इअरफोन, ओठ हलताहेत, आवाज नाही.)

ओठ जुळवणं म्हणजे तोंड उघडणं-मिटणं, असं समजणारे नट पहिल्याच दिवशी उघडे पडतात. जुळवायचा असतो तो श्वास. तान सुरू होण्याआधी खांदे किंचित वर जातात, बेंबीशी पोट ताणलं जातं, लांब स्वराच्या शेवटी मानेची शीर दिसते. म्हणून सेटवर नटानं आवाज काढून गायचंच. बेसूर असला तरी चालेल, नंतर तो काढून टाकता येतो. ओठांतल्या ओठांत पुटपुटणाऱ्याची मान गात नाही.

मग वाद्यं. पेटी घेऊन गाणारा असेल तर डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. भाता गाण्याच्या ठेक्यात हलवू लागला की संपलं. तंबोऱ्याची चूक तर जवळजवळ प्रत्येक चित्रपटात सापडते. चार तारा, पहिली मधल्या बोटानं, उरलेल्या तीन तर्जनीनं, आणि सगळं आपल्याच संथ लयीत. गाण्याच्या लयीशी तंबोऱ्याचं काही देणंघेणं नसतं. पडद्यावर मात्र तो द्रुतमध्ये धावत सुटतो. तबल्याचं तसंच. 'ना' किनारीवर वाजतो. शाईच्या मधोमध हात पडला आणि कानावर 'ना' आला, तर बैठकीत बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. उपाय एकच, बोलांचे तुकडे आठवडेच्या आठवडे घोटायचे. ते जमत नसेल तर कॅमेरा हातावर न्यायचा नाही.

आता यंत्राची बाजू. सेटवर गाणं भोंग्यावर वाजतं आणि त्यावर चित्रीकरण होतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास पळतो. तेव्हा भोंगा नटापासून १४ मीटरवर असेल तर ओठ एक फ्रेम मागे पडले, २८ मीटरवर असेल तर दोन. दोन फ्रेम मागे पडलेला गायक मुका वाटतो, प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही एवढंच. (नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, आवाज थोडा जास्त पळतो. ती एक फ्रेम १५ मीटरवर जाते. उन्हाळ्याचा तेवढाच फायदा.) मोठ्या मैदानावरच्या मैफलीचं दृश्य असेल तर नटाच्या कानात बारीक इअरफोन किंवा पायाशी छोटा स्पीकर हवाच.

आणखी एक गाढवपणा वारंवार होतो. स्टुडिओतून गाणं ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) येतं, सेटवरचं यंत्र ४८वर लावलेलं असतं. फाइल नीट न बदलता तशीच वाजली तर गाणं जवळजवळ नऊ टक्के पळतं आणि सूर दीड पट्टी चढतो. सेटवरच्या गडबडीत कुणाला कळत नाही. संकलनाच्या टेबलावर कळतं, आणि तोपर्यंत सेट उतरवलेला असतो.

(दृश्य: रात्र. मैदानात तात्पुरता मंच, बल्बांच्या माळा, चहूकडे बसलेली माणसं.)

तिसरी वाट, नटानंच गाणं. अमेरिकी गायक जॉनी कॅश यांच्यावरच्या 'वॉक द लाइन'मध्ये (२००५) वाकीन फीनिक्स आणि रीझ विदरस्पून स्वतः गायले. 'कंट्रोल'मध्ये (२००७) नटांनी अख्खा बँड स्वतः वाजवला. आपल्याकडे इम्तियाज अली यांचा 'अमरसिंह चमकीला' (२०२४), दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी प्रत्यक्ष सेटवर गायलेला. पंजाबी गायक चमकीला आणि त्याची जोडीदार अमरज्योत यांची गाणी होती अखाड्यांतली, उघड्या मैदानावरची. ८ मार्च १९८८ ला पंजाबातल्या मेहसामपूरला कार्यक्रमासाठी गाडीतून उतरताच दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. चमकीला अवघा २७ वर्षांचा होता. अशा गाण्याला स्टुडिओतला गुळगुळीत आवाज शोभला नसता. थेट गाण्यात श्वास तुटतो, माइक हलला की आवाज हलतो, समोरच्याच्या शिट्टीनं लय जरा सरकते. तीच गंमत आहे.

माइक हलण्यावर जरा थांबू. माइक तोंडापासून बोटभर अंतरावर असला की आवाजात खर्ज भरतो, हातभर लांब गेला की पातळ होतो. पडद्यावर नट तान घेताना माइक ऐटीत लांब नेतो आणि आवाज जागचा हलत नाही. तिथंच भ्रम फुटतो. स्टुडिओतलं गाणं वापरलं असेल तर मिक्सिंगमध्ये चित्र पाहून प्रत्येक अशा जागी आवाज पातळ करावा लागतो. तासन्‌तास खाणारं, कंटाळवाणं काम. सहसा टाळलं जातं आणि टाळलेलं दिसतं.

(दृश्य: सीताबर्डीची रात्रीची गर्दी. मग एका जुन्या लोखंडी पेटीत केबल, माइक, ताडपत्री.)

समजा, नागपुरातच असा चित्रपट करायचा आहे. गणपती-नवरात्रात मंडपोमंडप गाणारा, गावभर नाव झालेला आणि दारूनं संपलेला ऑर्केस्ट्रातला एक काल्पनिक गायक. काळ १९७८. मग मंचावर ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य नको, तो आला १९८५ मध्ये. कॅसिओचे कीबोर्डही अजून दोन वर्षं लांब आहेत. हवेत अ‍ॅकॉर्डियन, बोंगो, काँगो, ढोलक, एक इलेक्ट्रिक गिटार आणि गळ्यावर भरमसाट इको. भोंगे खांबावर बांधलेले.

चित्रीकरण उन्हाळ्यात आलं तर पहिला शत्रू कूलर. थेट आवाज घ्यायचा म्हणजे हॉलमधले सगळे कूलर बंद. दहा मिनिटांत मेकअप उतरतो, चिकटवलेली दाढी कडेनं सुटते. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, तापलेल्या तारेचा उतरतो, आणि पेटी दोघांचं ऐकत नाही. दर टेकआधी हातोडी घेऊन जुळवायला माणूस बसवावा लागतो आणि त्याचा वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. धरत नाहीत.

दुसरा शत्रू कागदाचा. ऑर्केस्ट्रावाला गाणार कुणाची गाणी? हिंदी चित्रपटांची. गाण्याला दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. आपण गाणं नव्यानं गाऊन घेतलं तरी पहिला हक्क शिल्लकच. ती परवानगी ज्याच्याकडे हक्क असेल त्याच्याकडून, बहुतेकदा संगीत कंपनीकडून, काढावी लागते. 'सात सेकंद चालतात', 'तीस सेकंदांपर्यंत फुकट' हे चहाच्या टपरीवरचे कायदे. भारतीय कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. आकडा आहे तो वर्षांचा. शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. 'संगीत मानापमान'चे नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. ती पदं आज मोकळी आहेत, फक्त दुसऱ्या कुणाचं नवं मुद्रण उचलायचं नाही. उलट 'देवदास'मधलं (१९३५) सैगल यांचं मुद्रण मोकळं, पण गीतकार केदार शर्मा गेले १९९९ मध्ये, म्हणजे शब्द २०५९ च्या अखेरपर्यंत बांधलेले. आपले सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांची गझल नायकाच्या तोंडी घालायची तर २०६३ पर्यंत वारसांना किंवा हक्कदारांना विचारायलाच हवं.

परवानगी नाही मिळाली तर काय होतं, ते गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या चित्रपटात दिसतं. वारसांनी त्याची स्वतःची गाणी दिली नाहीत. अख्ख्या चित्रपटात हेंड्रिक्स इतरांचीच गाणी वाजवतो.

(दृश्य: टेबलावर ग्लास. त्यात कोरा चहा ओतला जातो.)

आता बाटली. पडद्यावरची व्हिस्की म्हणजे पाणी घातलेला कोरा चहा. दृश्य काढायला सोपं, म्हणूनच अशा चित्रपटांत ते भारंभार असतं. लहानपणी भावाचा मृत्यू, पहिली तबकडी, बाटली, घटस्फोट, पुनरागमन. रे चार्ल्सचा भाऊ खरंच बुडाला होता, जॉनी कॅशचा भाऊ खरंच करवतीनं गेला होता. पण 'रे' (२००४) आणि 'वॉक द लाइन' पाठोपाठ आले आणि ते सूत्रच झालं. २००७ मध्ये 'वॉक हार्ड' या विडंबनपटानं त्याची इतकी टर उडवली की तेव्हापासून तसं दृश्य गंभीरपणे काढणं धाडसाचं आहे.

नशा गाण्यातून दाखवणं मात्र अवघड. पडणं-झडणं नको. आधी श्वास जातो. ओळीच्या मध्येच दम घ्यावा लागतो. मग ओळीचा शेवटचा शब्द गिळला जातो, लांब स्वर शेवटी किंचित उतरतो, समेवर यायला अर्धी मात्रा उशीर होतो आणि तबलजी न बोलता सांभाळून घेतो. तबलजीच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला तर गायक दाखवायचीही गरज नाही. सैगल पेगला 'काळी पाच' (पेटीवरची एक पट्टी) म्हणत, असं सांगतात. 'शाहजहान'च्या (१९४६) वेळी त्यांच्याकडून एक गाणं घेऊन आणि न घेता असं दोनदा गाऊन घेतलं, आणि न घेता गायलेलंच सरस ठरलं, ही आठवण नौशाद सांगायचे. दारूमुळे सूर लागतो या समजावर अख्खे चित्रपट उभे राहिले आहेत. ही एक आठवण पटकथा लिहिणाऱ्यानं टेबलावर चिकटवून ठेवावी.

नायक सिगारेट ओढणारा असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश दाखवावे लागतात, आणि धूर दिसतो तितका वेळ खाली इशाऱ्याची ओळ राहते. म्हणून भैरवीच्या वेळी त्याच्या हातात सिगारेट द्यायची की नाही, हे कॅमेरा लावतानाच ठरवायचं. ऐन शेवटच्या स्वरावर प्रेक्षक ती ओळ वाचत बसतो.

(दृश्य: पुन्हा सभागृह. टेक संपला आहे. नट घाम पुसतो. कुणीतरी कूलरच्या बटणाकडे जातं.)

थांबा. कूलर अजून नाही. साउंड रेकॉर्डिस्टनं हात वर केला आहे. रिकाम्या हॉलचा स्वतःचा आवाज एक मिनिट टेप करायचा आहे. तो नसेल तर दोन टेकच्या जोडावर भोक पडतं. कुणी हलायचं नाही. तंबोऱ्याच्या तारेवर हात ठेवा.

(एक मिनिट शांतता.)