जुन्या गाडीचं दप्तर: क्लबचे छापील अंक आणि सगळ्यांच्या आठवणी

(ब्रिटनमधल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

आपल्या बर्मिंगहॅमच्या नैऋत्येला लाँगब्रिज आहे. 1922 ते 1939 या काळात तिथे ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली गाडी बनत होती. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या 18 वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी बोलावून तिचे नकाशे काढून घेतले. जवळजवळ 2 लाख 90 हजार गाड्या विकल्या गेल्या. कारखान्याने ती बंद करून 80 वर्षं उलटली, सुटे भाग देणारी दुकानं गेली, हाताने काम शिकलेले मेकॅनिक गेले. तरी ही गाडी आज रस्त्यावर दिसते. तिला जगवणाऱ्या गोष्टींमध्ये गाडीप्रेमींच्या क्लबच्या छापील अंकांचा वाटा फार मोठा आहे, आणि आज बोलायचं आहे ते या अंकांविषयी. आपल्यातले बरेच जण इथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांत आहेत, आणि मंडळाच्या स्मरणिकांचा गठ्ठाही कपाटात आहेच. जे गाडीच्या अंकांना लागू, ते स्मरणिकांनाही लागू.

अंकात नेमकं काय असतं ते एका उदाहरणावरून पाहू. सेव्हनच्या दोन बेअरिंगवाल्या इंजिनात क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, तेल मिळतं ते दोन बारीक जेटमधून (भोकांतून) उडणाऱ्या धारेने. तेलाचा दाब मुळातच अगदी कमी असतो, त्यामुळे दाब दाखवणारा काटा जागचा फारसा हलला नाही की नवा मालक घाबरतो. खरा धोका दुसरीकडे आहे. वर्षानुवर्षं न उघडलेल्या इंजिनात तळाशी काळा गाळ साचलेला असतो. त्यात आधुनिक डिटर्जंटयुक्त तेल ओतलं की गाळ सुटतो, जेटमध्ये जाऊन बसतो, आणि क्रँकशाफ्टवरचं बिग एंड बेअरिंग कोरडं पडून जळतं. उपाय सोपा आहे: इंजिनच्या बाजूची बुचं काढून जेटमधून बारीक तार फिरवायची, आणि तेलाचा प्रकार बदलण्याआधी तळाचं पात्र उतरवून पुसून घ्यायचं. असं ज्ञान क्लबच्या अंकात कुठे सापडतं? बहुतेक वेळा वाचकांच्या पत्रांत, पान 14 वर, कुणाच्या तरी चार ओळींत.

इथेच एक मोठी अडचण आहे. मार्चच्या अंकात कुणी एक युक्ती सांगतो. मेच्या अंकात दुसरा लिहितो की तसं केल्याने माझा भाग तडकला, असं करू नका. मेचा अंक हरवला तर चुकीचा सल्ला तेवढा उरतो, आणि छापलेला असल्यामुळे लोक त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून सुट्या लेखांच्या कात्रणांपेक्षा सलग संच मोलाचा. सूची करतानाही प्रत्येक तांत्रिक नोंदीसमोर ‘दुरुस्ती पाहा’ असा रकाना ठेवायलाच हवा. आमच्या मते सूचीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

आठवणी छापण्याची परंपराही इथे जुनी आहे. ‘मोटर स्पोर्ट’ हे मासिक 1924 मध्ये ‘ब्रुकलंड्स गॅझेट’ या नावाने सुरू झालं. बिल बॉडी 1936 पासून 1991 पर्यंत त्याचे संपादक होते. महायुद्धात शर्यती थांबल्या, पेट्रोल रेशनवर गेलं, बातमी म्हणून छापायला काही उरलं नाही. तेव्हा वाचकांनाच विचारलं गेलं की तुमच्याकडे आजवर कोणकोणत्या गाड्या होत्या ते लिहा. त्या लेखमालेतून युद्धाआधीच्या असंख्य गाड्यांची हकिकत कागदावर आली. युद्ध सुरू झालं त्याच 1939 साली सेव्हनवाल्यांचा 750 क्लबही निघाला, त्यातही बिल बॉडीच पुढे होते.

आता या आठवणींचा व्यवहारातला उपयोग. ब्रिटनमध्ये गाड्यांची नोंद 1904 पासून स्थानिक परिषदांकडे होत असे. पुढे ती स्वॉन्सीच्या संगणकावर गेली, आणि 1983 अखेरपर्यंत ज्या गाड्यांची नोंद तिथे पोचली नाही त्यांचे नंबर बाद धरले गेले. परिषदांची जुनी नोंदपुस्तकं कित्येक ठिकाणी नष्ट झाली, काही जिल्हा अभिलेखागारांत टिकली. गोठ्यात 50 वर्षं पडून राहिलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर परत हवा असेल, तर व्ही765 या अर्जासोबत नंबर आणि चॅसी (सांगाड्याचा) नंबर यांना एकमेकांशी जोडणारा त्या काळचा कागद लागतो. जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, असेल तर सर्वांत उत्तम. ते नसेल तेव्हा क्लबचा जुना अंक माग दाखवतो: 1950 च्या दशकातली ‘गाडी विकणे आहे’ ही जाहिरात, सभासदांच्या गाड्यांची यादी, शर्यतीत भाग घेतलेल्यांची नावं. नुसत्या अंकावर काम होईल असं कुणाला सांगू नका, निर्णय डीव्हीएलएचा, म्हणजे स्वॉन्सीच्या सरकारी वाहन नोंदणी खात्याचा असतो. पण लॉगबुक कोणत्या घराण्याकडे असेल हे बऱ्याचदा जाहिरातच सांगते.

सेव्हनच्या बाबतीत तर हे फारच लागतं. स्वस्त गाडी म्हणून अनेकांनी तिचा मूळ सांगाडा ठेवून वरची बॉडी काढली आणि शर्यतीसाठी नवी चढवली. लोटस गाड्यांचे जनक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडीही 1948 साली सेव्हनवरच उभी राहिली. बॉडीवरून गाडी ओळखण्यात अर्थ नसतो. कोणत्या साली कुठल्या चॅसीवर काय चढलं हे जाहिराती आणि फोटोंच्या ओळींतूनच कळतं. म्हणून स्कॅन करताना जाहिरातींची पानं गाळू नका. शेवटची चार पानं ‘फक्त जाहिराती’ म्हणून फाडून टाकलेले संच बघितले की जीव हळहळतो.

आता हाताचं काम. 1950-60 च्या दशकातले अनेक अंक सायक्लोस्टाईलवर काढलेले आहेत. त्यांचा कागद फूलस्कॅप, म्हणजे उंचीला सुमारे 13 इंच. ए4 स्कॅनरची काच 11.7 इंचाची. त्यावर खालच्या दोनतीन ओळी कापल्या जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा ए3 स्कॅनर घ्या, नाहीतर वरून कॅमेऱ्याने टिपा. पिना गंजलेल्या असतात. त्या ओढू नका. अंक पालथा घालून पातळ बोथट सुरीने आधी पिनेचे दोन्ही पाय सरळ करा, मग पुढून अलगद काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून टाका. चिकटपट्टीने फाटकं पान कधीच जोडू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही.

चकचकीत आर्ट पेपरचे अंक ओले झाले तर घाई करावी लागते. त्या कागदावरचा लेप ओलाव्याने चिकट होतो, पानं एकमेकांना चिकटलेली वाळली की एकच ठोकळा बनतो. 48 तासांत बुरशी धरू शकते. लगेच वाळवणं शक्य नसेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकाराला विचारून पुढचं ठरवा. एरवी साठवण माळ्यावर नको आणि गॅरेजमध्ये तर नकोच. पेट्रोलचा वास, उन्हाळ्यातली धग, हिवाळ्यातला दमटपणा, सगळं कागदाच्या मुळावर येतं. घरातली आतली भिंत, जमिनीपासून वीतभर उंच फळी, आम्लरहित खोका, आणि अंक आडवे. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे टाळा, त्यातलं रसायन शाईला ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं. कसर लागलेला अंक वेगळा ठेवा, चांगल्या संचात मिसळू नका.

स्कॅनिंगला मजकुरासाठी 400 डीपीआय (दर इंचाला ठिपके) आणि फोटोंसाठी 600 पुरेसे आहेत. निव्वळ काळंपांढरं स्कॅन करू नका. जुन्या मालकाने समासात पेन्सिलीने लिहिलेला कार्बुरेटरच्या जेटचा आकडा त्यात नाहीसा होतो. ए4 चं एक रंगीत पान 400 ला सुमारे 46 एमबी होतं, म्हणजे 24 पानी अंकाला 1.1 जीबी. एवढी जागा आज स्वस्त आहे. मूळ टिफ फाइल जपून ठेवा, वाचायला पीडीएफ वेगळी करा. छापील फोटोंवर लाटांसारखे पट्टे आले तर समजा की छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकली. रिझोल्यूशन वाढवून स्कॅन करा आणि प्रतिमा नंतर लहान करा. संगणकाने ओळखलेल्या मजकुरावर आकड्यांपुरता विश्वास ठेवू नका. 8 चा बी होतो, 5 चा एस होतो, आणि चॅसी नंबर कायमचा हरवतो. नंबरांची सूची दोघांनी स्वतंत्रपणे हाताने टाइप करावी आणि मग ताळा करावा.

फोटोखालच्या ओळींसाठी बैठक घ्या, तीही लवकर, कारण ओळखणारी माणसं आता वयस्क आहेत. फोटो ए4 आकारात छापा, पण लगेच चर्चा सुरू करू नका. आधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावं: गाडी कोणती, नंबर काय, जागा कोणती, डावीकडून उजवीकडे कोण कोण. एखादा काका मोठ्या आवाजात ठामपणे बोलला की बाकीच्यांना तसंच आठवायला लागतं, म्हणून ही खबरदारी. मतभेद राहिला तर दोन्ही मतं सांगणाऱ्याच्या आद्याक्षरांसह नोंदवा. सालाचा अंदाज गाडीच देते. रेडिएटर बॉडीच्या रंगाच्या आवरणाखाली लपलेला दिसला तर ती सेव्हनची रूबी ही आवृत्ती, म्हणजे फोटो 1934 च्या आधीचा नाही. मूळ फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनेच, तेही कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

ही बैठक आपल्या घरच्या अल्बमांसाठीही करा. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेल्या गाड्या, आपण ज्यांना दुक्कर फियाट म्हणायचो त्या, आणि नंतरच्या पद्मिनी, कितीतरी घरांच्या लग्नाच्या फोटोंत उभ्या आहेत, नंबरप्लेटसकट. भारतात 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. ज्यांनी गावाकडची गाडी सांभाळली आहे त्यांना तिचं मूळ रूप कसं होतं हे दाखवायला असे फोटो उपयोगी पडतील.

संकेतस्थळावर टाकण्याआधी दोन गोष्टी पाहा. लेख आणि फोटो यांचा हक्क बहुधा लिहिणाऱ्याचा किंवा काढणाऱ्याचा असतो, आणि इथल्या कायद्याने तो त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. म्हणून त्याची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. आणि जुन्या सभासद याद्यांतले पत्ते, फोन झाका. गाडी कोणत्या गॅरेजात असते हे चोरालाही वाचता येतं. मूळ अंक मात्र जसाच्या तसा ठेवायचा.

शेवटी छापील प्रतीबद्दल. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक छापील प्रकाशनाची एक प्रत महिन्याच्या आत ब्रिटिश लायब्ररीला देणं कायद्याने बंधनकारक आहे. क्लबचा 16 पानी अंक यात येतो, तशी आपली मराठी स्मरणिकाही येते. प्रत वेदरबीजवळच्या बॉस्टन स्पा इथे पाठवायची. नियमित निघणाऱ्या अंकाला आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक तिथूनच मोफत मिळतो. मागच्या वर्षांच्या ज्या स्मरणिका गेलेल्या नाहीत त्या आधी मोजून घेऊ. दुहेरी प्रती असतील त्यांतली एक तिकडे, आणि एक आपल्या कपाटापासून दूर, दुसऱ्या गावातल्या सभासदाकडे.