उलटी उधारी

मंडळी, पुढे या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, आता काही सहा फुटांचं अंतर नाहीये. विषय फळ्यावर लिहिलाय तो अध्यक्षांनी दिलेला, 'साथीच्या काळात गल्लीतले छोटे व्यवसाय कसे टिकवावेत'. मला त्यावर एकच सांगायचंय, अशा वेळी दुकानदाराला कर्ज नको असतं, गिऱ्हाईकाकडून आगाऊ पैसे हवे असतात. आपण वर्षानुवर्षं वाण्याच्या वहीवर लिहून माल आणला ना, मग एकदा त्याने आपल्याकडे उधारी केली तर काय बिघडलं? त्यावर येतोच. पण आधी आमच्या सोसायटीतल्या इस्त्रीवाल्याचं सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी खुशाल चहा घ्यावा.

जिन्याखाली एक टेबल, कोळशाची इस्त्री, एवढाच त्याचा पसारा. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी कमिटीने गेटवर नोटीस लावली, बाहेरच्यांना प्रवेश बंद. बरं, ठीक आहे, घाबरलो होतो सगळेच, आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो ते आठवतंय ना? (काकू हसतायत, म्हणजे भाजीसुद्धा धुतलीये.) पण पुढे काय झालं, ऑनलाइन खरेदी सुरू झाली तशी गेटवर पार्सलांसाठी टेबल आलं, तेही जिन्याखालून, म्हणजे त्याचंच टेबल हो! शहरभर फिरून आलेला खोका चालतो, आणि हा बिचारा म्हणत होता की कपडे गेटवर ठेवा, मी नेतो, इस्त्री करून परत ठेवतो, तर म्हणे नको, कपड्यांना व्हायरस चिकटतो. अरे, गरम इस्त्रीखालून निघालेल्या शर्टावर कसला व्हायरस राहतोय? मी मीटिंगमध्ये विचारलं. ती मीटिंग झूमवर होती, मला म्यूट केलं.

मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुरू झाल्या तेव्हा तो गावी गेला. दिवाळीच्या आसपास परत आला तर जिन्याखाली स्कूटर लागलेल्या. जागा गेली ती गेलीच. आणि आता तीच मंडळी ग्रुपवर विचारतात, कुणी चांगला इस्त्रीवाला सुचवाल का? असो, बीपी वाढतं माझं.

सलूनवाल्यांचं तर विचारूच नका. तीन महिने शटर खाली, २८ जून २०२० ला परवानगी मिळाली ती फक्त केस कापायची, दाढी करायची नाही. आता माझ्याकडे बघा, माझी उरलीये ती दाढीच! पुण्यात पुन्हा १४ जुलैपासून दहा दिवस बंद, त्यातले पहिले पाच दिवस किराणासुद्धा नाही.

काय? चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुद्दा तर आत्ता सुरू होतोय.

तर पटापट. सरकारने काहीच केलं नाही असं नाही. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी आली, फेरीवाल्याला दहा हजार, पण कर्ज. केंद्राच्या मोठ्या पॅकेजमधलं, सरकारने हमी घेतलेलं कर्ज मिळालं ते ज्यांचं आधीच कर्ज चालू होतं त्यांना, फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या वीस टक्के, म्हणजे ज्याने आयुष्यात बँकेकडून काही घेतलं नाही तो बाहेर. एप्रिल २०२१ ला राज्याने दीड हजार जाहीर केले, ते नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, परवाना असलेल्या रिक्षावाल्यांना. जिन्याखालचा माणूस कुठल्या यादीत असतो? तो फक्त आपल्या यादीत असतो.

आता गणित करा, शंभर फ्लॅट, प्रत्येकी तीनशे रुपये, पुढच्या इस्त्रीचे आगाऊ. तीस हजार झाले, तेव्हाच्या स्वनिधीच्या तिप्पट, बिनव्याजी, आणि फेडायचे ते पैशाने नाही, कामाने. दुकान बंद असलं तरी भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार चालूच असतो, त्याला आज रोख लागते. पैसे बुडतील म्हणता? बुडू देत, तीनशेच आहेत, पिझ्झा त्याहून महाग येतो. वही मात्र ठेवायची, कुणी किती दिले ते लिहून, नाहीतर भांडणं होतील, आपण पुणेकर आहोत.

दुसरं, यादी आत्ताच करा, साथ आल्यावर नाही. सलून, शिंपी, इस्त्री, चांभार, पोळीभाजी केंद्र, कुणाचा फोन नंबर, कुणाचं खातं. तिसरं, गेटचा नियम सगळ्यांना एकच, पार्सल येत असेल तर कपडेही येतील. आणि गाळेमालक, दोघं तरी मला इथे दिसतायत, तीन महिने निम्मं भाडं घ्या, उरलेलं पुढच्या वर्षभरात वाटून घ्या, भाडेकरू गेला तर रिकाम्या गाळ्याचा मेंटेनन्स तुम्हालाच भरायचाय.

दहा मिनिटांत धने-जिरे आणून देणाऱ्या ॲपबद्दलही बोलणार होतो, पण अध्यक्ष उठलेच. बरं, खाली चहाजवळ आहे मी अर्धा तास, भांडायचं असेल त्यांनी तिथे या.